पाहिलेलं, ऐकलेलं, सापडलेलं

"आई, शिवाजी महाराजांनी डायनासोर बघितला असेल का?"

गेल्या वर्षीची आषाढातली दुपार. पाऊस कोसळत होता, वीज सकाळपासून गेलेली, आणि सात वर्षांची लेक पडवीत बसून आठळ्या सोलत होती. प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला होता. मी म्हटलं, "नाही गो, डायनासोर खूप आधीचे." तर लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे आजीच्या लहानपणी?" आजीचं लहानपण, महाराज, राम, डायनासोर हे सगळे तिच्या डोक्यात एकाच ठिकाणी राहत होते, आणि त्या ठिकाणाचं नाव होतं 'फार पूर्वी'.

शाळेच्या पुस्तकांत चौथीला शिवछत्रपती, पाचवीला आदिमानव आणि सहावीला प्राचीन भारत. म्हणजे चार वर्षं थांबता आलं असतं. पण मी इतिहास घेऊन बी.ए. झालेय आणि तरीही माझ्या आठवणीत त्यातल्या सनावळ्या आणि घराणी सोडून फारसं काही उरलेलं नाही, याची खंत मला नेहमी वाटते. लेकीला हा विषय पहिल्यांदा भेटेल तो परीक्षेसाठी भेटू नये, असं मनात होतं. शिवाय ती विचारत होती. मूल विचारतं तेव्हाच सांगावं, या मताची मी आहे.

पहिली सुरुवात साफ फसली. मी मोठ्या कार्डशीटवर आडवी रेघ मारली, मधोमध येशू ख्रिस्ताचा जन्म, डावीकडे इसवी सनापूर्वी, उजवीकडे इसवी सन. मोहेंजोदडो, बुद्ध, अशोक, सातवाहन, सगळे नीट रंगीत खडूने लिहिले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "इकडे पाचशेच्या नंतर चारशे का? उलटं का मोजलं?" मी समजावलं. तिने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी अशोक बुद्धाच्या आधी होता म्हणून सांगितलं, कारण तीनशे पाचशेपेक्षा लहान. तिचं काही चुकलं नव्हतं. उणे संख्या ज्या मुलीला ठाऊकच नाहीत तिच्यापुढे मी त्या मांडून ठेवल्या होत्या.

मग माळ्यावरचा सुंभ काढला. आंब्याच्या पेट्या बांधायला आणलेला, उरलेला गुंडा. ठरवलं की मोजायचं ते आजपासून मागे, आणि माप वितीचं. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. वीत माझी, कारण तिची अजून वाढतेय. पडवीच्या उत्तरेच्या खांबाला एक टोक बांधलं, ते 'आज'. तिथून आम्ही विती घालत निघालो. आजीचा जन्म पहिल्या वितीच्या आतच. सासूबाई बाजूला बसून वाती वळत होत्या, त्यांना जरा वाईटच वाटलं, "एवढ्यातच मी?" महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे साडेतीन विती; तिथे भगवी चिंधी. आमच्याजवळच्या कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात शिलाहार राजा भोज याचा ताम्रपट आहे, ११९१ सालचा. तो आठ विती आणि चार बोटांवर. सातवाहन आणि रोमची जहाजं विसाव्या वितीच्या आसपास, अशोक तेविसाव्या, बुद्ध पंचविसाव्या. मग बराच वेळ नुसताच सुंभ, आणि पंचेचाळीस विती झाल्यावर मोहेंजोदडो. तिथेच, जवळजवळ त्याच गाठीशी, इजिप्तचा सर्वांत मोठा पिरॅमिड. तोवर आम्ही पडवीच्या दक्षिण टोकाला पोचलो होतो.

"आणि डायनासोर?"

मी वहीत हिशोब केला. डायनासोर संपले त्याला साडेसहा कोटींहून जास्त वर्षं झाली. शेवटचे डायनासोर धरले तरी साडेसहा लाखांहून जास्त विती. माझी वीत वीस सेंटिमीटरची. सुंभ एकशे तीस किलोमीटरच्या वर हवा. "आपल्या घरापासून निघाला तर घाट चढून कोल्हापूरच्या आसपास पोचेल," मी म्हटलं. कोल्हापूरला तिची मोठी आत्या राहते. गाडी आंबा घाटात लागते, दोनदा उलटी होते, एवढं ते लांब. तिने उत्तरेच्या खांबाकडे पाहिलं, दक्षिणेच्या पाहिलं, आणि काही बोलली नाही. त्या दिवसापासून 'फार पूर्वी' हा शब्द आमच्या घरात कोणी वापरला की ती विचारते, "किती विती?"

दुसरी गोष्ट ठरवून झाली नाही, ती मातीतून वर आली. दिवाळीनंतर मोरीच्या पाण्यासाठी गोठ्यामागे शोषखड्डा खणायला घेतला. दोन गडी होते. लेक कडेला उकिडवी बसून होती आणि जे निघेल ते मागत होती. वरच्या हातभरात शांपूच्या पुड्या, एक प्लास्टिकची बाहुलीची तंगडी, बाटलीचं झाकण. त्याखाली मंगलोरी कौलांचे तुकडे, लालभडक, सपाट, एकावर साच्यातून उठलेली इंग्रजी अक्षरं. त्याच्या खाली माती काळसर झाली, राख मिसळलेली, आणि त्यात अर्धगोल कौलांचे तुकडे लागले. हाताने घडवलेली नळीची कौलं, जाडी सगळीकडे सारखी नाही, एका तुकड्याच्या आतल्या अंगाला घडवणाऱ्याच्या चार बोटांचे फराटे. लेकीने त्यात आपली बोटं ठेवून पाहिली. त्याच थरात काचेच्या हिरव्या बांगडीचे दोन तुकडे. आणि मग नुसती तांबडी माती, खाली जांभा.

मी गड्यांना थांबायला सांगितलं. खड्ड्याची एक भिंत त्यांनी फावड्याने सरळ तासून दिली आणि आम्ही तिथे पट्टे बघत बसलो. "खाली काय असेल ते आधी पडलेलं, वर काय असेल ते नंतर," एवढंच मी सांगितलं. बाकी तिने स्वतः लावलं. आधी नळीची कौलं, मग मंगलोरी, मग शांपू.

ती धावत जाऊन आजीला घेऊन आली. सासूबाईंनी तुकडा हातात घेतला. "मी लग्न होऊन आले तेव्हा हीच कौलं होती गो. दर वर्षी पावसाच्या आधी परतायला लागायची. वांदर नाचले की फुटायची. मग तुझ्या आजोबांनी मंगलोरी घातली." म्हणजे खड्डा आणि आजी एकच सांगत होते. लेकीचा चेहरा मी विसरणार नाही. तिने विचारलं, "आणि नळीच्या आधी?" "त्याच्या आधी गवताने शाकारलेलं होतं असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मी नाही पाहिलं." गवत खड्ड्यात सापडलं नव्हतं. ते कुजून जातं, म्हणून सापडलं नाही, की नव्हतंच? यावर आम्ही रात्री जेवताना बोललो.

तिथून आमचे तीन शब्द तयार झाले. पाहिलेलं, ऐकलेलं, सापडलेलं. प्रत्येक गोष्टीपुढे यांतला एक शब्द लिहायचा. मला कॉलेजात इतिहासाची साधनं म्हणून जे शिकवलं होतं ते हेच, पण तेव्हा ते मला यादी म्हणून भेटलं होतं.

या तीन शब्दांनी आमची पहिली अडचण केली ती कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर. नोव्हेंबरात गेलो, गवत पिवळं पडून आडवं झालेलं होतं. कोकणातली ही कातळशिल्पं आता पुष्कळांना माहीत झाली आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं सडे तुडवत फिरले, गावोगावच्या गुराख्यांना विचारत फिरले, म्हणून ती उजेडात आली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ती गेली; त्यात कशेळी आहे, उक्षी, जांभरूण, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढेतळी आहे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे आणि गोव्यातलं फणसईमाळही. कशेळीचा हत्ती सर्वांत मोठ्यांपैकी. जवळ उभं राहिलं की तो दिसतच नाही. जांभ्यात कोरलेली एक चर दिसते, तिच्या आत मासे, पाखरं, जनावरं. लेक चप्पल काढून कडेकडेने चालत गेली आणि पावलं मोजली, सोंडेपासून मागच्या पायापर्यंत चाळीस-एक भरली. मग ती पालथी झोपली आणि चरीत बोट घातलं. दोन पेरं गेलं. आत गेल्या पावसाचं शेवाळ सुकून काळं झालेलं होतं आणि त्यात एक मुंगळा चालत होता. "आई, हा हत्तीच्या आत राहतो," ती म्हणाली.

सासूबाई दगडावर टेकल्या होत्या. कनकादित्याच्या रथसप्तमीला त्या लहानपणापासून येतात, हा सडाही त्यांना परका नाही. त्या सहज म्हणाल्या, "पांडवांची कामं हो ही. अज्ञातवासात एका रात्रीत केलेली."

लेक उठून बसली. "आजी, तू पाहिलंस?"

माझ्या काळजाचा ठोका चुकला. इथली प्रत्येक लेणी, प्रत्येक कातळावरची खूण पांडवांची असते, आणि ते सांगणारी माणसं खोटारडी नसतात. आपल्याहून फार जुनी, फार मोठी गोष्ट समोर आहे हे सांगायचे ते शब्द आहेत. ते मुलीच्या मनातून उतरू नये, आणि आजी तर मुळीच उतरू नये, अशी माझी धडपड. मी मधे काहीतरी बोलणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "नाही गो. ऐकलेलं."

"मग सापडलेलं काय आहे?" हा प्रश्न माझ्यासाठी होता. मी जे ठाऊक आहे ते सांगितलं. ही चित्रं नक्की किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. काही जण दहा हजार वर्षांपेक्षा जुनी मानतात. कातळावर मातीचे थर साठत नाहीत, म्हणून आपल्या शोषखड्ड्यासारखं खाली-वर बघून सांगता येत नाही. पण या जिल्ह्यातल्या काही चित्रांत एकशिंगी गेंडा आहे. इथे आज गेंडा नाही. आजीच्या गोष्टींतही गेंडा नाही. आणि इतक्या चित्रांत नांगर ओढणारा बैल दिसत नाही, शेताचं काही दिसत नाही. यावरून विचार करायचा. ती म्हणाली, "म्हणजे ज्याने काढलं त्याने गेंडा पाहिलेला." दहा हजार वर्षं म्हणजे शंभर विती; आमचा सुंभ पडवी सोडून खळ्यात उतरला आणि फणसाच्या बुंध्याला बांधला. त्या टोकाला तिने चिंधी बांधली नाही. तिथे कोळशाने प्रश्नचिन्ह काढलेला पुठ्ठा लटकतो.

पावसाळा संपता संपता ब्राह्मी लिपीही सुरू केली होती, आणि सात वर्षांच्या मुलासाठी याहून सोपा दरवाजा मला माहीत नाही. अशोकाच्या काळची ब्राह्मी म्हणजे रेघा आणि गोल. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. 'ठ' म्हणजे पूर्ण गोल, 'थ' म्हणजे गोलात टिंब, 'ब' म्हणजे चौकोन, 'र' म्हणजे उभी रेघ. 'न' म्हणजे उलटा 'टी', उभ्या काठीखाली आडवी. शिरोरेघ नाहीच. तिचं नाव 'न'वरून सुरू होतं. अर्ध्या तासात तिने सारवलेल्या खळ्यात रांगोळीने 'नगर', 'कनक', 'गगन' लिहून टाकलं. शाळेत देवनागरीचे वळसे गिरवताना रडणारी ही मुलगी.

मग मी तिच्याबरोबर जेम्स प्रिन्सेपचा खेळ खेळले. हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख त्याच्यासमोर होते, वाचता एकही येत नव्हता. १८३७ साली त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लेखांची शेवटची दोन अक्षरं एकच आहेत. मी तसेच सहा कागद केले, वर वेगवेगळी नावं, शेवटी तीच दोन अक्षरं, आणि तिला काही न सांगता दिले. शेवट सारखा आहे हे तिने मिनिटात ओळखलं. पण काय असेल? मी तिला संध्याकाळी देवळात घेऊन गेले. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या पायऱ्यांवर, फरशीवर, घंटेवर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून सप्रेम भेट. ती एकेक वाचत गेली. पाचव्या पायरीवर थांबली. "आई, सगळ्यांच्या शेवटी 'भेट' आहे!"

प्रिन्सेपनेही तेच ओळखलं होतं. शब्द होता 'दानं'. तिथून त्याला 'द' मिळाला, 'न' मिळाला, आणि पुढे सगळी लिपी उलगडली. मी हे पायरीवरच बसून सांगितलं, आणि सांगताना माझा गळा दाटून आला. हा प्रसंग मी बी.ए.ला दोन मार्कांसाठी लिहिला होता.

कुडे लेणी आम्ही जानेवारीत मुंबईहून परतताना पाहिली. मांदाडजवळ, खाडीवर नजर ठेवून बसलेली सव्वीस लेणी. तिथली ब्राह्मी नंतरची, अक्षरांना वळणं आलेली, त्यामुळे लेकीला फारसं वाचता आलं नाही आणि ती हिरमुसली. पण कोणी काय दिलं ते मी वाचून नेलं होतं. एक लेणं माळ्याने दिलेलं, एक कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने, एक वैद्याच्या घरच्यांनी. राजे सोडून इतकी साधी माणसं इतिहासात असतात हे तिला तिथेच कळलं. "माळी म्हणजे फुलं विकणारा? त्याच्याकडे एवढे पैसे?" याचं उत्तर शोधायचं तर खाडीकडे बघायचं. त्या खाडीत जहाजं येत होती.

त्याच फेरीत मुंबईच्या संग्रहालयात सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख पाहिला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडलेला आठव्या लेखाचा तुकडा. आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी मात्र बोधिवृक्षाकडे गेलो, असं त्या लेखात अशोक सांगतो. तिने तुकड्यावर दोन 'न' आणि एक 'य' शोधला. पण राजाने शिकार का सोडली, हे विचारलं, आणि कलिंगचं युद्ध टाळता येईना. मी तिला खरा आकडा सांगितला, तेराव्या लेखात अशोकाने स्वतः कोरवलेला. एक लाख मारले गेले, दीड लाख पकडून नेले. सात वर्षांच्या मुलीला सांगावं का, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नव्हतं, अजून नाही. त्या रात्री ती माझ्या कुशीत झोपली. तरी मी सांगितलं ते बरोबर केलं असं मला वाटतं, कारण आकडा लपवला तर राजाचं दुःख समजत नाही.

सर्वांत जास्त दिवस आम्ही रोमच्या जहाजांवर घालवले. त्यात शिकवायला लागलंच नाही, कारण वारा आमच्या घरचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक भाषेतल्या खलाशाच्या वहीत, 'पेरिप्लस'मध्ये, आपल्या किनाऱ्याची बंदरं ओळीने आहेत: सेमुल्ला म्हणजे चौल, मग मंदगोरा आणि पुढची. इजिप्तमधून जुलैत निघायचं, असं त्यात सांगितलंय. लेक ठामपणे म्हणाली, "जुलैत? तेव्हा बंदी असते!" आमच्याकडे जून-जुलै होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, नारळी पौर्णिमेशिवाय कोणी खोल पाण्यात जात नाही. मग आम्ही पाटावर राईचे दाणे मांडून हिशोब केला: जुलैत तिकडून निघालेलं जहाज इकडे पोचेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असायचा, आणि परत जाताना थंडीतला उलटा वारा मिळायचा. चाचे होतेच, जहाजांवर तिरंदाज ठेवत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. हे ऐकल्यावर पुढचे आठ दिवस परसात केळीच्या सोपटाची जहाजं आणि तिरंदाज.

मे महिन्यात आत्याकडे कोल्हापूरला गेलो. घाटात तिला उलटी झालीच. शहरात शिरताना डोळे उघडून तिने पहिलं विचारलं, "डायनासोरची गाठ इथे ना?" दुसऱ्या दिवशी टाउन हॉलच्या संग्रहालयात तिला पोसायडन दाखवला. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही नाही, पितळेसारख्या रंगाच्या कांस्याचा, एक हात वर उगारलेला, हातातला त्रिशूळ गेलेला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात तो मिळाला. समुद्राचा देव, आणि समुद्र घाटाखाली. ती काचेला नाक लावून उभी राहिली. "हा पण घाटातून आला? माझ्यासारखा?" मग जरा वेळाने, "सापडलेलं," असं स्वतःशीच म्हणाली.

परवा शेजारची दोन लहान मुलं आमच्या पडवीत आली होती. सासूबाई त्यांना सड्यावरच्या हत्तीची गोष्ट सांगत होत्या. अज्ञातवास, काळोखी रात्र, भीमाने एका फटक्यात मारलेली चर. मुलं तोंड उघडी ठेवून ऐकत होती. गोष्ट संपली तशी सासूबाईंनी वातीचा कापूस मांडीवरून झटकला आणि म्हणाल्या, "हे ऐकलेलं हो. सापडलेलं काय ते हिला विचारा." लेक तोवर फणसापाशी पोचली होती, सुंभाचं दुसरं टोक हातात धरून.